चटईएवढी हिरवळ

ती बाग मला दाखवली ती एका जवळजवळ आंधळ्या बाईनं. पुढे ती भराभर चालत होती आणि चांगले डोळे असलेली मी मागून अडखळत होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात होते. आम्ही अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याच्या अलीकडे, एका नव्या सोसायटीत ब्लॉक घेतला होता. सोसायटी म्हणजे तीन बिल्डिंगा आणि मधे सिमेंट. कुंडीसुद्धा ठेवायची तर सेक्रेटरीला विचारा. हिरवं काही बघायचं असेल तर मागच्या गॅलरीत उभं राहायचं. भिंतीपलीकडे जुनं गावठाण होतं, आणि त्याच्या अगदी कडेला बायचं घर.

तिला सगळं गावठाण बायच म्हणायचं, म्हणून आम्हीही. मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं ती, आम्ही कोकणातून यायच्या कितीतरी पिढ्या आधीपासूनची इथली. घर छोटंसं, कौलारू, निळ्या रंगाचं, ओट्याला गुलाबी कठडा. आणि चहूबाजूंनी फुलं. वरून पाहिलं तर जमीन म्हणून दिसायची नाही. झेंडू, कर्दळ, गुलबक्षी, अबोली, झिनिया, शेवंती, सगळं एकात एक घुसलेलं. तुपाच्या डब्यांत लावलेलं, फुटक्या कपांत लावलेलं, कुंपणावर चढलेली मधुमालती वेगळीच. मला ते रंग बघून छान वाटायला हवं होतं. पण वाटायचं नाही. त्या बागेत कधी फुलपाखरू दिसलं नाही की पोरांचा आवाज आला नाही. साकीनाक्याच्या गाळ्यांमधली ठोकाठोक आमच्या गॅलरीत दिवसभर यायची. पुढे मी बायच्या फाटकातून आत जायला लागले, तेव्हा आत पाऊल टाकलं की ती बंद व्हायची. वारा उलटा असेल, असं मी स्वतःला सांगायचे. मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायचे आणि एका वर्कशॉपच्या ऑफिसात टायपिंग करायचे.

आणि त्या एवढ्या गर्दीत, ओट्यापासून फाटकाकडे जाताना डाव्या हाताला, हिरवळीचा एक तुकडा होता. नुसतं गवत. एक चटई अंथरावी तेवढा लांब-रुंद, जास्त नाही. त्यात एक फूल नाही. कडेनं बिअरच्या बाटल्या उलट्या पुरून केलेली चौकट. गॅलरीतून बघताना आमच्या मजल्यावरच्या बायका म्हणायच्या, तिथे कोणाला तरी पुरलंय. मी हसायचे. पण गॅलरीत कपडे वाळत घालताना माझी नजर आधी तिथे जायची, हेही खरं.

दिवाळी होऊन गेली होती. एक दिवस बाय आमच्या दारात उभी. दोन्ही बुबुळं दुधासारखी. एका हातानं भिंत धरलेली. तिला आईशी बोलायचं होतं, पण आई बाजारात गेली होती, म्हणून मला म्हणाली, "पोरी, वसईची माजी लेक मागं लागलीय. मोतीबिंदू काढायचाय. आठ दिवस नाय मी. बागेला पाणी घालशील? चल, दाखवते कुठं काय हाय ते."

हो म्हणण्यावाचून सुटका नव्हती. गेले.

गावठाणातली गल्ली इतकी वळणं घेत जायची की कुठल्या बाजूला तोंड आहे ते कळायचं बंद व्हायचं. बायच्या आवारात तर त्याहून जास्त. वाटा एका पावलाएवढ्या, झाडं खांद्याला लागणारी. बाय हात पसरून चालत होती. पानाला बोट लावायची आणि ओळख करून द्यायची.

"हा माजा नवरा," ती कर्दळीला म्हणाली. "लाल रंग आवडायचा त्याला. ही सासू. अबोली. तशीच होती, काय बोलायची नाय. हा दीर. हिकडं ये, हळू, पाय नको ठेवू, ही माजी थोरली बहीण, झिनिया. ही दोन बारकी डब्यातली, ती माजी बाळं. जन्मली नि गेली."

बायनं हातात दिलेली पाण्याची झारी मी खाली ठेवली. मी विचारलं, "यांच्या आठवणीसाठी लावलीस का?"

"आठवणीसाठी कशाला? हीच ती," बाय म्हणाली. जरा चिडूनच. मग मला समजावून सांगायला लागली. त्यांच्या कबरस्तानात जागा कायमची नसते. मुंबईत माणसं इतकी मरतात, जागा पुरणार कशी? थोडी वर्षं झाली की कबर उघडतात, हाडं काढून दुसरीकडे ठेवतात आणि तिथे दुसरा येतो. ज्या दिवशी कबर उघडायची त्या दिवशी बाय तिथे पिशवी घेऊन जायची. तिथली माती आणायची. त्या मातीत एक झाड लावायची. "दुसऱ्याच्या खाली कशाला ऱ्हातील? घरी आणलं सगळ्यांना."

तिनं हे भाजी निवडताना सांगावं तसं सांगितलं. मी मात्र त्या क्षणापासून वाटेवर पाय टाकताना आधी खाली बघायला लागले. आजपर्यंत गॅलरीतून जे रंग बघत होते ते सगळे आता माझ्याकडे बघतायत, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, घाबरले मी.

मग आम्ही त्या हिरवळीशी आलो. बायनं मला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"वळसा घाल. झोपलाय."

तिथे गवताशिवाय काही नव्हतं. पण गवत दबलेलं होतं. मधोमध, लांबट, एका कुशीवर माणूस झोपून उठावा तसं. बाय खाली बसली. आवाज एकदम हळू झाला. तिचा धाकटा मुलगा बोटीवर कामाला होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात तो किनाऱ्यावर उतरला, आणि बोट सुटायच्या वेळी परत चढला नाही. पुढे काही नाही. मेला म्हणावं तर कुणी पाहिला नाही, जिवंत म्हणावं तर इतक्या वर्षांत निरोप नाही. घरी असताना उन्हाळ्यात कौलांखाली उकडतं म्हणून तो इथे चटई टाकून झोपायचा. तिथे कधी झाड वाढलंच नाही, गवतच राहिलं. बायनंही मग लावलं नाही.

"फादर बोलतात, गेलेल्या माणसाची मिस्सा करूया त्याच्यासाठी. लेक बोलते, आई, मान आता. मी बोलले, माती आणा. कुठली माती आणणार? माती नाय तर फूल नाय. फूल नाय म्हणजे पोरगा हाय." ती त्या गवताला न टेकवता, वरून हात फिरवत होती. "दिवे लागायच्या टायमाला बसते मी ओट्यावर. डोळ्यांपुढं सगळं धुकं असतं ना, त्यात तो दिसतो. पांढरा सदरा. कूस बदलतो मधेच." मग माझ्याकडे ती दुधाळ बुबुळं वळवली. "डोळे केले की धुकं जाईल. मग तो पण गेला तर काय करू गं?"

वसईची लेक दुसऱ्या दिवशी रिक्षा घेऊन आली. रिक्षात बसताना बायनं मला एवढंच बजावलं, त्या गवतात काय उगवलं तर उपटून टाक. फूल येऊ देऊ नको.

पहिल्या सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी पाणी घालायला गेले. फाटकाला बाहेरून कडी, कडीला मीच लावलेलं कुलूप. कुंपणाच्या भिंतीवर काचा. आत सगळं शांत. कर्दळीला पाणी घातलं, अबोलीला घातलं, त्या दोन डब्यांना घालताना तिकडे बघायचं टाळलं. हिरवळीशी आले तर गवत दबलेलं. बायनं दाखवलं तेव्हा डाव्या कुशीवर होतं, आज उजव्या. कुत्रं असणार, मी मोठ्यानं म्हणाले. माझाच आवाज मला नको इतका मोठा वाटला. कुत्रं असेल तर केस पडतील, घाण करेल, म्हणून वाकून पाहिलं. काही नव्हतं. हात लावला. ऊन अजून भिंतीच्या वर आलेलं नव्हतं, बाकी गवत दवानं गार होतं. तेवढाच तुकडा कोरडा आणि कोमट.

मी झारी तिथेच टाकून घरी आले.

आईला सांगितलं. संध्याकाळचं पाणी तू घाल, मी जाणार नाही, असंही सांगितलं. माझी आई मालवणकडची. ती भुताखेतांना घाबरणारी नव्हती, भुताखेतांशी व्यवहार असणारी होती. काय केलं की कोण येतं, काय केलं की कोण जातं, याचे तिच्याकडे पक्के नियम होते आणि त्यात दिशा फार महत्त्वाच्या. ब्लॉक बघायला आली तेव्हा नळाला पाणी किती वेळ येतं हे वडिलांनी विचारलं, आईनं दार कुठल्या दिशेला ते विचारलं. दक्षिणेकडे पाय करून झोपायचं नाही. दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवायचा नाही. तसा दिवा एकदाच ठेवतात, माणूस गेल्यावर, त्याच्या जागेवर. एकदा गावाहून चुलत आजोबा गेल्याची तार आली तेव्हा ती आधी उठून डोक्यावरून आंघोळ करून आली आणि मग रडायला बसली. आमच्या घरात सगळं असं क्रमानं चालायचं. मला त्याचा जाम राग यायचा.

आई संध्याकाळी गेली. परत आली ती गप्प. मला वाटलं, हिलाही दिसलं काहीतरी. ती म्हणाली, "तिनसांजेक येवढा आवार काळोखात. माका बघवना नाय."

"मग नको बघू."

"घरातलो माणूस भायर आसा आणि दारात दिवो नाय? वाट कशी गावतली तेका?"

दुसऱ्या दिवशी तिनं दिवाळीतली उरलेली पणती, वात आणि तेलाची बाटली नेली. मीही गेले, कारण तिला एकटीला पाठवायची लाज वाटली. सूर्य आमच्या बिल्डिंगेमागे केव्हाच गेला होता. आईनं हिरवळीच्या उशाशी एक कौलाचा तुकडा ठेवला, त्यावर पणती ठेवली आणि क्षणभर थांबून बाहेर फाटकाकडे पाहिलं. कोकणात घराचं तोंड पूर्वेला. दारासमोर अंगण, अंगणासमोर वाट. तिनं तोच हिशोब इथे लावला. वात फाटकाच्या बाजूला केली आणि पेटवली. हात जोडून पुटपुटली, "बाबा, खंय आसशील थंयसून ये."

ज्योत अजिबात हलली नाही. मधुमालतीची पानं हलत होती, ज्योत नाही. आम्ही दोघी मागे न बघता बाहेर आलो.

सकाळी गवत उभं होतं. सगळं, एकसारखं, दवानं ओलं. मी त्यावर हात फिरवला तर गार. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथे उभी राहून एकटीच हसले. कुत्रं दिव्याला भिऊन पळालं, मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "व्हय, कुत्रोच." आणि माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर ती रोज दिवा लावत राहिली आणि गवत रोज सकाळी उभं असायचं. मी पुन्हा निर्धास्तपणे पाणी घालायला लागले. फुलांना नावं नव्हे, नाती आहेत हे विसरता येत नव्हतं, पण कर्दळीला पाणी घालताना "घ्या काका" म्हणण्याइतकी माझी भीड चेपली.

बाय आली ती दुपार कलल्यावर. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, त्यातून तिचे डोळे भलतेच मोठे दिसत होते. लेक रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत बाहेरच राहिली. आई आणि मी बायला हाताला धरून आत आणायला गेलो, पण तिनं हात सोडवून घेतला. फाटकातच उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं ती बाग नीट पाहिलेली नव्हती. मला वाटलं, आता रंग बघून काहीतरी बोलेल. तिनं कुठल्याच फुलाकडे पाहिलं नाही. सरळ हिरवळीशी गेली.

बराच वेळ ती बघत होती. चष्मा वर केला, खाली केला.

"नाय दिसत," ती म्हणाली.

तिला ज्याची भीती होती तेच झालं होतं, आणि ते होताना बघायला आम्ही दोघीच तिथे होतो.

मग तिला पणती दिसली. कौलावर तेलाचा डाग, काजळीचा पट्टा. ती वळली, आणि चष्म्यातले ते मोठे डोळे आईवर रोखले. तिच्या लोकांत जमिनीवर दिवा लावतात तो एकाच जागी, नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, कबरीवर. हे मला त्या क्षणी आठवलं. आईलाही आठवलं असावं.

"वैनी, हा कोनी लावला?"

"मी," आई म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "बाय, तसं नाय ते. आमच्यात माणूस घराबाहेर असलं की दिवा लावतात. तिन्हीसांजेला. अंधारात वाट चुकू नये म्हणून. यायच्या वाटेकडे तोंड करून लावलाय बघ, फाटकाकडे."

बाय पाय दुमडून खाली बसली आणि गवतावर तळवा टेकला. त्याला हात लावताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. तळवा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. पुन्हा फिरवला. आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"उठलाय," ती म्हणाली. "वैनी, जागा गार हाय. उठला तो. तुजा दिवा बगून उठला. म्हणून दिसत नाय मला. निगाला असंल." तिनं आईचा पदर धरला. "लाव. आत्ताच लाव. माज्यासमोर लाव."

आईनं तेल घातलं. वात सारखी केली. काडेपेटी घेऊन वाकली, आणि तशीच थांबली.

आजवर आम्ही आलो ते सूर्य बिल्डिंगेमागे गेल्यावर. आज तो अजून बिल्डिंगेच्या वर होता, खाली उतरत चाललेला. आई फाटकाकडे तोंड करून बसली होती आणि ऊन तिच्या उजव्या गालावर पडलं होतं. तिनं मान वळवून सूर्याकडे पाहिलं. मग समोर फाटकाकडे. पुन्हा सूर्याकडे. उजव्या हाताला मावळत, म्हणजे समोर दक्षिण. आठवडाभर ती त्या मुलाच्या जागेवर, त्याच्या उशाशी, दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावत होती.

आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नाही, आधीही आणि नंतरही. तिनं हळूच बोटानं पणती डावीकडे फिरवली. पूर्वेला, भिंतीच्या बाजूला.

"तिकडं कुठं?" बाय म्हणाली. नव्या डोळ्यांना आता सगळं दिसत होतं. "तिकडं भिंत हाय." आणि तिनं स्वतः हात पुढे करून पणती परत होती तशी वळवली, फाटकाकडे. काळजीनं, वात बरोब्बर मधे येईल अशी. "असाच होता ना? तो हिकडूनच येल."

आईच्या हातात न पेटवलेली काडी होती. बाय तिच्याकडे बघत होती. मी आईकडे बघत होते. एक शब्द बोलली असती तर तो दिवा लागला नसता, आणि बायकडे मग काहीच उरलं नसतं, ना धुकं ना दिवा.

आईनं काडी ओढली आणि दिवा लावला.

त्या दिवशीही ज्योत हलली नाही. बाय तिच्यापुढे बसून फाटकाकडे बघत राहिली. बाहेर तिची लेक अजून रिक्षावाल्याशी भांडत होती, आणि तो आवाज आम्हाला आत ऐकू येत नव्हता. आम्ही निघालो तेव्हा बाय म्हणाली, "वैनी, उद्या पण ये हां." आई हो म्हणाली, आणि पुढे ती रोज गेली.

गल्लीत आई माझ्या पुढे भराभर चालली. जिना चढलो. वडील चहा पीत बसले होते. आई चपला काढून, देवघराकडे न जाता सरळ मोरीत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं नळ सोडल्याचा आवाज आला, मग बादली, मग तांब्या.

वडिलांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

आत आई डोक्यावरून पाणी घेत होती.